मंगळवार, कमाटी बाग

सोमवारी म्युझियम बंद, रविवारी जत्रा,
म्हणून आम्ही मंगळवार धरतो.
वर्षातून एकदा, डिसेंबर सरता सरता
शालन सुरतेहून सकाळच्या गाडीने येते
आणि काळ्या घोड्याखाली उभी राहते,
हातात लीलो चेवडोचा पुडा.
स्टेशनाबाहेरच घेतलेला, माझ्याच गावचा,
मलाच भेट म्हणून.
दरवर्षी हेच. दरवर्षी मी म्हणते, कशाला गं.

आधी पूल.
कठड्यावर कोपरं टेकून खाली पाहायचं.
विश्वामित्रीच्या गाळावर मगर पसरलेली,
जबडा उघडा टाकून ऊन खात.
शेजारचा पोरगा बापाला विचारतो, जीवतो छे के?
बाप म्हणतो, जोया कर.
आम्हीही जोया करतो.
"हिला बघ," शालन म्हणते,
"काही म्हणजे काही काम नाही,"
आणि पदराने चष्मा पुसून पुन्हा बघते.

फुलांच्या घड्याळात अकरा दहा,
माझ्या मनगटावर पावणेबारा.
दोन्ही बरोबर धरून
आम्ही छोट्या गाडीची तिकिटं काढतो.
गुडघे हनुवटीला लागतात.
पुढच्या डब्यात शाळेच्या पोरी, लाल रिबिनी,
वळण आलं की सगळ्या किंचाळतात,
गेल्या वर्षापासून शालनही.

म्युझियममध्ये गार, फिनेलचा वास.
देवमाशाच्या बरगड्यांखालून चालताना
आवाज आपोआप बारीक होतो.
एवढं मोठं धूड इथवर आणलं कसं असेल?
"तुकड्यातुकड्यानं," शालन म्हणते.
मग आम्ही ममीपर्यंत काही बोलत नाही.
पहारेकरी जांभई देतो,
ती आम्हा दोघींनाही लागते.

बँडस्टँडजवळच्या गवतावर डबा.
दशम्या, लसणाची चटणी, तिच्याकडची पोंक भजी
गार झालेली, तरी मी चार खाते.
तिच्या सुनेचा हट्टीपणा, माझ्या गुडघ्याचा फोटो,
गॅसच्या सबसिडीचं लचांड.
त्याचं नाव निघत नाही.
असा नियम कुणी केलेला नाही.
एक खार चटणीचा वास घेऊन परत जाते.
शालन चप्पल उशाला घेऊन झोपते,
खरंच झोपते, तोंड उघडं टाकून,
मी तिच्यावरच्या माश्या वारते.

उतरत्या उन्हात रिक्षाने सूरसागर.
पाण्यावर शेवाळी झाक, कडेला कणसं भाजणारी बाई,
आणि पलीकडे न्यायमंदिर.
कोर्ट आता तिथून हललंय.
बावीस वर्षांपूर्वी मात्र याच पायऱ्यांवर
शालन उभी होती, त्याच्या बाजूची साक्षीदार.
आत तिने काय सांगितलं ते मी ऐकलंय.
सगळं खोटं नव्हतं.
बाहेर आल्यावर मात्र वकिलांच्या गर्दीतून वाट काढत
ती थेट माझ्यापाशी आली होती.
"वहिनी, सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या."

तेव्हापासून ही गाडी, हाच सेव उसळवाला.
आता त्याचा मुलगा उभा असतो,
तर्री ओतताना विचारतो, बे बेनो छो?
"ना," शालन म्हणते, "आ मारां भाभी छे."
छे म्हणाली.
मी पावाचा तुकडा तर्रीत बुडवला
आणि तो हातातून सुटून आतच राहिला.
तिखट फार होतं, दोघींची नाकं वाहिली,
एकच रुमाल, तोही चेवड्याने हळदाळलेला.

तिची गाडी सात चाळीसची.
रिक्षा पुलावर आली तशी
शालनने ड्रायव्हरला जरा हळू घ्यायला लावलं,
मान बाहेर काढली.
खाली अंधार, पाण्याची नुसती चमक.
"गेली वाटतं कामाला," म्हणाली
आणि पुड्यात तळाला उरलेला चेवडो
माझ्या तळहातावर पालथा केला.